नेत्रावळीचे तीन दिवस : मैनापी, सावरी आणि मधले व्हाळ

गोव्यात धबधबा म्हटलं की दूधसागरच डोळ्यांपुढे येतो. ३१० मीटरची ती धार आहेच तशी. पण जीपने न जाता, रानातल्या पायवाटेने चालत, दिवसाउजेडी जाऊन यायचं असेल तर सांगे तालुक्यातलं नेत्रावळी गाठावं. इथलं अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २११ चौरस किलोमीटर. उत्तरेला भगवान महावीर आणि दक्षिणेला खोतीगाव ही अभयारण्यं, पूर्वेला कर्नाटकातलं काळी नदीचं रान, असं सगळीकडून जंगलाला जंगल लागलेलं आहे. या वाटा चढाच्या मानाने अवघड नाहीत. धडधाकट माणूस सहज चालेल. त्या वाटा पुन्हा पुन्हा ओलांडणारे व्हाळ, म्हणजे रानातले ओढे, मात्र सोपे नाहीत, आणि इथे जे काही बिघडतं ते बहुधा तिथेच बिघडतं. म्हणून या वर्णनात पाण्याबद्दल जरा जास्त आलं आहे.

फेरी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. चतुर्थी होऊन गेलेली, भात पोटरीला आलेलं, आणि पाऊस सकाळी दडी मारून दुपारी घाटावर गडगडणारा.

पहिला दिवस : मडगाव, सांगे, नेत्रावळी

मडगावहून कुडचडे, सांगे करत नेत्रावळी. स्वतःची गाडी असेल तर दीड तास धरावा. कदंबाच्या, म्हणजे गोवा सरकारच्या, बसेस आहेत, पण सांग्याच्या पुढे फेऱ्या कमी होतात. परतीची शेवटची बस किती वाजता, हे जाताना कंडक्टरलाच विचारून घ्यावं. पेट्रोल आणि रोख पैसे सांग्यातच घेतलेले बरे. पुढे मोबाइलची रेंजही जाते-येते, आणि रानात शिरल्यावर ती नाहीच असं धरून चालावं.

वाटेत साळावली धरणावर तासभर थांबलो. सप्टेंबरात धरण भरलेलं असतं, आणि बदकाच्या चोचीच्या आकाराच्या सांडव्यावरून पाणी तिन्ही बाजूंनी आत कोसळत असतं. दक्षिण गोव्याच्या नळांना येतं ते हेच पाणी. त्याच्या तळाशी कुर्डी गाव आहे, मोगूबाई कुर्डीकरांचं. एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरलं की घरांची जोती आणि जुने रस्ते वर येतात आणि विस्थापित कुटुंबं आपल्या देवाला भेटायला तिथे जमतात. कुर्डीचं दगडी महादेव मंदिर तेवढं बुडालं नाही. पुरातत्त्व खात्याने त्याचा एकेक दगड उतरवून धरणाजवळ ते पुन्हा उभं केलं. आता त्याच्या आवारात उभं राहिलं की सांडव्याची घरघर ऐकू येते.

नेत्रावळीत पोचलो ते जेवणाच्या वेळेला. राहायची सोय एका घरात होती. पुढे मांडव, मागे पोफळीचं कुळागर म्हणजे बाग, कुळागरात पाट. जेवायला उकड्या तांदळाचा भात, अळसांद्यांचं तोणक (टपोऱ्या चवळीची आमटी), सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) आणि तिवळ (कोकमाचं पातळ पेय). घरच्या मावशींनी पहिल्यांदा विचारलं ते, पायांत काय घालून आलात. बूट उलटे करून तळवे पाहिले आणि एका जोडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे चलचे नात." गुळगुळीत तळव्याचे, शहरात धावायला बरे असे ते बूट होते. ओल्या दगडावर ते साबणासारखे सरकतात. खोल खाचांचा, मऊ रबराचा तळवा हवा. सांग्याच्या बाजारात शेतावर घालायचे रबरी खुट्यांचे साधे बूट मिळतात, ते महागड्या बुटांपेक्षा इथे जास्त उपयोगी पडतात. चामड्याचे जड बूट नकोतच, कारण पहिल्याच व्हाळात ते भिजतात आणि मग दिवसभर पायांत पाणी वागवावं लागतं.

संध्याकाळी गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी पाहिली. दगडी पायऱ्यांची चौकोनी तळी, हिरवट पाणी, आणि तळातून अखंड वर येणारे बुडबुडे. काठावर टाळी वाजवली की ते वाढतात अशी गावाची श्रद्धा. पायऱ्यांवर स्वस्थ बसलं तर बुडबुडे एकाच जागी येत नाहीत हे दिसतं. कधी या कोपऱ्यात माळ फुटते, कधी त्या. ही देवाची तळी आहे. साबण, पोहणं, चपला या गोष्टी काठाबाहेरच ठेवायच्या.

त्याच संध्याकाळी वनखात्याच्या नाक्यावर जाऊन दुसऱ्या दिवसाची चौकशी केली. हे काम आदल्या दिवशीच करावं. पावसाळ्यात अभयारण्यातल्या धबधब्यांच्या वाटा कधी बंद, कधी उघड्या असतात. २०२३ च्या जुलैत मैनापीवर दोघे बुडाले आणि त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी आली होती. बंदी असेल तर तिथूनच माघारी फिरावं, आडवाटेने घुसू नये. उघडी असेल तर नाक्यावर नावं लिहायची, प्रवेशशुल्क भरायचं, पिशव्या दाखवायच्या. दारू आणि एकदाच वापरायचं प्लॅस्टिक आत नेता येत नाही. वाटाड्याही तिथूनच ठरतो. वाट ठळक आहे, वाटाड्या कशाला, असं वाटू शकतं. तो का लागतो ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसरा दिवस : मैनापी

सकाळी साडेसातला पेज आणि तोरांचं (कोवळ्या कैऱ्यांचं) लोणचं. पेज साधी दिसते, पण घाम गाळायच्या दिवशी तिच्यासारखी न्याहारी नाही. पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही एकदम पोटात जातात. माणशी दोन लिटर पाणी घेतलं. हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही आणि किती पाणी गेलं याचा अंदाज येत नाही. चालायला लागल्यावर दर अर्ध्या तासाला चार घोट, तहान लागो न लागो. क्षारांच्या पुड्या माणशी दोन.

आठला निघालो. वाटाड्या गावातलाच, वेळीप समाजातला तरुण. कमरेला आकडी, आकडीत कोयता, हातात बांबूची काठी. आम्हांला एकेक काठी तोडून देताना त्याने ती छातीइतकी उंच ठेवली. कमरेएवढी काठी चढावर चालते, पाण्यात तोकडी पडते.

मैनापीला जायला दीड-दोन तास आणि परतायला साधारण तेवढेच. सुरुवात सपाट. डावी-उजवीकडे किंदळ, नाणा आणि माट्टी. आपल्याकडे ज्याला ऐन म्हणतात तोच हा माट्टी. त्याच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोन असतात, त्यामुळे पानांकडे न बघताही ओळखू येतो. मग भेरले माड दिसू लागतात, वेताची जाळी सुरू होते आणि उजेड हिरवा होतो. इथे रेनकोटाचा मोठा झगा घालून आलेल्यांचे हाल होतात. वेताच्या शेंड्यांना उलट्या काट्यांचे लांब चाबूक असतात. ते कापडात अडकले की पुढे ओढू नये, दोन पावलं मागे यावं, काटे आपोआप सुटतात. अंगाबरोबरचं, पातळ, पूर्ण बाह्यांचं कापड सगळ्यांत बरं. पावसात भिजायचंच आहे हे मान्य करावं आणि कोरडे कपडे पिशवीत, जाड प्लॅस्टिकच्या थैलीत गाठ मारून ठेवावे.

जळवा दहाव्या मिनिटाला सुरू झाल्या. त्या झाडावरून पडतात हा गैरसमज आहे. पाचोळ्यावर आणि गवताच्या पात्यावर उभ्या राहून त्या हवेत चाचपत असतात, आणि बुटावर चढून वर येतात. पायमोजे विजारीवर ओढून घ्यायचे, म्हणजे त्या कातडीपाशी न पोचता कापडावर दिसतात. मोज्यांना आदल्या रात्री तंबाखूचं पाणी लावून वाळवलं होतं. त्याचा उपयोग होतो, पण दोन व्हाळ ओलांडेपर्यंतच. पुढे मिठाची पुरचुंडी. कापडावरच्या जळवेला मीठ लावावं. कातडीला चिकटलेलीला मात्र मीठ किंवा चटका नको, ती पोटातलं जखमेत ओकते. तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून ते सोडवायचं, मग जाड टोक, आणि लगेच टिचकी. रक्त बराच वेळ वाहत राहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरण्यासारखं काही नाही. पाण्याने धुऊन, फडकं घट्ट दाबून धरावं. थांबायचं असेल तर पाचोळ्यात नाही, मोकळ्या खडकावर थांबावं.

पहिला व्हाळ घोट्याएवढा होता. उड्या मारत दगडांवरून गेलो असतो, पण वाटाड्याने सरळ पाण्यात पाय घातला आणि आम्हांलाही तेच करायला लावलं. कोरडे दिसणारे दगडच पाडतात. त्यांच्यावर शेवाळाचा पातळ, काळपट थर असतो, तो ओल्या बुटाखाली तेलासारखा होतो. पाण्याखालची वाळू आणि गोटे त्यामानाने खात्रीचे. त्याने काठावर एक बारीक काटकी, पाणी जिथे संपतं नेमकी तिथे, चिखलात रोवली आणि पुढे चालू लागला. प्रत्येक व्हाळाला त्याने हेच केलं. विचारलं तेव्हा म्हणाला, "परतताना कळटलें."

तिसरा व्हाळ गुडघ्याला लागला आणि वेगही होता. इथे त्याने दहा मिनिटं वरखाली फिरून जागा निवडली. व्हाळ अरुंद दिसतो तिथे उतरायचं नाही. तेवढंच पाणी कमी जागेतून जातं, म्हणजे तिथे ते खोलही असतं आणि ओढही जास्त. जिथे पात्र पसरतं, पाणी खळखळून फुटतं आणि तळ दिसतो तिथे उतरायचं. खालच्या अंगाला लगेच उडी, खडकाची फट किंवा आडवं पडलेलं झाड नको, कारण पाय सुटला तर माणूस त्यातच अडकतो. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडायचे, म्हणजे पडल्यास पिशवी टाकून देता येते. बूट काढायचे नाहीत. तोंड प्रवाहाकडे किंचित तिरपं, काठी वरच्या अंगाला टेकलेली, आणि काठी व दोन पाय या तिन्हींपैकी एका वेळी एकच हलवायचं. पायाकडे पाहत राहिलं की पाणी पळतं आणि डोकं गरगरतं. नजर पलीकडच्या काठावरच्या एखाद्या खोडावर ठेवावी. तिघे असाल तर एकामागे एक प्रवाहाच्या रेषेत उभे राहा, सगळ्यांत दणकट माणूस वरच्या अंगाला, मागच्यांनी त्याचे खांदे धरायचे आणि सगळ्यांनी मिळून आडवं सरकायचं. कमरेला दोर बांधून ओलांडायची युक्ती चुकीची आहे. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखालीच दाबून धरतो. गुडघ्याच्या वर आणि जोरात वाहणारं पाणी असेल तर ओलांडायचंच नाही. काठावर बसून तास-दोन तास वाट पाहावी. इथले व्हाळ छोट्या पाणलोटाचे, चढतात पटकन तसे उतरतातही पटकन.

पलीकडच्या चढावर शीळकरी कस्तूर ऐकू आला. एखादं मूल तंद्रीत शीळ घालत असावं तसा. वर शेकरू फांदी बदलत होतं, आणि उन्हाच्या तिरिपीत पांढरं, काळ्या ठिपक्यांचं मलबार ट्री निम्फ फुलपाखरू तरंगत होतं, कागदाचा कपटा वाऱ्यावर सुटावा तितकं सावकाश. ते बघताना हात सहज फांदीकडे जातो, म्हणून सांगून ठेवतो. व्हाळाकाठच्या फांद्यांवर, मनगटाच्या उंचीला मलबारी चापडा हा विषारी साप बसलेला असतो. हिरवा, तपकिरी, पिवळसर, कोणत्याही रंगाचा आणि तासन् तास न हलणारा. बघितल्याशिवाय फांदी धरू नये, आणि खडकावर बसण्याआधी काठीने ठोकून घ्यावं.

सव्वानऊच्या सुमारास धबधब्याचा आवाज आला. आवाज आल्यावरही पाऊण तास लागला, कारण शेवटचा टप्पा मोठमोठ्या खडकांवरून आहे. इथे घाई करणारेच पाय मुरगळून घेतात. पाऊल खडकाच्या टोकावर नको, दोन खडकांच्या खोबणीत हवं. भिजलेल्या मुळीवर तिरका पाय तर नकोच नको. झाडी एकदम संपली आणि समोर मैनापी. कड्यावरून पायरीपायरीने फुटत येणारं पाणी, शेवटी रुंद होऊन डोहात. पन्नास पावलांवरसुद्धा चष्मा पुसत राहावा लागतो इतके तुषार. हवा गार, आणि ओल्या कातळाला येतो तो मातकट वास.

डोहात आम्ही उतरलो नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हा डोह बुडवतो. धार पडते तिथलं पांढरं पाणी म्हणजे अर्धी हवा. त्यात अंग तरंगत नाही. पडणारी धार खाली दाबते आणि तळाशी पाणी कड्याकडेच वळतं, म्हणून हातपाय मारूनही माणूस धारेखालीच येत राहतो. शिवाय पाण्याखालच्या खडकाला कपारी आहेत. वरून लाकूड, दगडही येतात. डोहाच्या सांडीपासून बऱ्याच खाली, गुडघाभर संथ पाण्यात पाय सोडून बसायला हरकत नाही. तेवढ्यानेही चालण्याचा सगळा शीण उतरतो. केळीच्या पानातली तांदळाची भाकरी, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दोन केळी खाल्ली. पान तिथे टाकलं नाही. कुजतं हे खरं, पण एकाने टाकलं की दुसरा पिशवी टाकतो.

आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. सव्वाबाराला वाटाड्या बोलता बोलता थांबला आणि धारेकडे बघत राहिला. पाण्यात हिरवी पानं आणि बारीक काटक्या येऊ लागल्या होत्या. पिवळी, वाळलेली पानं रोजच येतात. हिरवी येतात याचा अर्थ वर कुठेतरी जोराचा पाऊस आणि वारा आहे. दोन मिनिटांत धारेचा आवाज जाड झाला. "उदक तांबडें जालें काय फाटीं परतचें," तो म्हणाला. पाणी तांबडं झालं की मागे फिरायचं. तांबडं व्हायची वाट न पाहता आम्ही उठलो.

तिसऱ्या व्हाळाशी पोचलो तेव्हा त्याची काटकी पाण्यात चार बोटं आत होती आणि पाणी चहासारखं झालं होतं. तळ दिसत नव्हता. सकाळच्या जागेवरून त्याने जाऊ दिलं नाही. पन्नास मीटर वर, पात्र दुप्पट रुंद होतं तिथे तिघांची रांग करून ओलांडलं, पाणी जेमतेम गुडघ्याला. अर्धा तास उशीर झाला असता तर काठावरच बसावं लागलं असतं, आणि आमच्याकडे त्यासाठी खायला होतं, बॅटरी होती. तुमच्याकडेही असावी. दिवस मोकळा असला तरी धबधब्यावरून एकच्या आत निघावं. घाटावरचा पाऊस या दिवसांत बहुधा दुपारचाच असतो, आणि झाडीखाली पाचलाच अंधारायला लागतं.

नाक्यावर येऊन वहीत परत आल्याची नोंद केली. ती विसरू नये. सहा वाजता वहीत नावं उघडी राहिली की कुणाला तरी भर पावसात शोधायला जावं लागतं. रात्री जेवणाला सोलकढी होती आणि मावशींनी बूट चुलीशेजारी, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवले. बूट जाळाजवळ नाही, राखेच्या उबेत ठेवायचे, नाहीतर तळव्याचा डिंक सुटतो.

तिसरा दिवस : सावरी, वेर्ले आणि परत

सावरीची वाट मैनापीपेक्षा कमी दमवते. वेर्लेच्या रस्त्याने गाडी नेऊन पुढे चालत जायचं. लहान मुलं, साठीची माणसं घेऊन आलेले लोक इकडेच वळतात आणि ते बरोबर आहे. रात्रभर पाऊस लागला होता, म्हणून आठऐवजी दहाला निघालो, पाणी उतरायला वेळ देऊन. सावरीची धार एका झेपेत येते, डोह झाडीने वेढलेला, आणि ऊन डोहावर फार थोडा वेळ टिकतं. फोटो हवा असेल तर मध्यान्हीच्या आसपासच पोचावं. डोहाचे नियम मैनापीचेच.

तिथे कुंकळ्ळीचं एक कुटुंब भेटलं, आजी धरून सात जणं. आजी काठावर बसून नातवाला सांगत होत्या की चतुर्थीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधलेली कुठली कुठली फळं याच रानातली. आजींनी नावं घेतली तशी वाटाड्याने त्यातली दोन झाडं तिथल्या तिथे दाखवली. मुलगा मग परत जाताना प्रत्येक झाडाखाली थांबत होता.

वेर्ले उंचावर आहे, हवा खालच्यापेक्षा गार. अलीकडच्या काही वर्षांत तिथे हिवाळ्यात स्ट्रॉबेरी घेतात. सप्टेंबरात ती नाही, पण डिसेंबरनंतर येणार असाल तर वर जरूर जा, तेव्हा व्हाळही पायपुसणीएवढे होतात. त्या दिवसांत जळवा जातात आणि गोचिडी येतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीमार्फतच पसरतो, म्हणून हिवाळी-उन्हाळी भटकंतीत पूर्ण बाह्या, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि काखा, गुडघ्यामागचा भाग, केसांची कड तपासून घ्यावी. नंतर ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगावं.

परतीला रिवणमार्गे आलो. पणसायमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर प्राचीन काळी कोरलेले बैल, हरणं आणि चक्रव्यूहासारखं वर्तुळ बघायचा बेत होता, पण नदी भरलेली आणि कातळावर गाळ. वाटेवरच्या दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, दिवाळीनंतर या. त्याच्याकडे गरम उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि पातळ भाजी मिळाली. चहा येईपर्यंत पिशव्या उलट्या करून झटकल्या. एकीच्या तळाशी, कोरड्या कपड्यांच्या थैलीच्या गाठीवर, दोन दिवस उपाशी असलेली एक जळू अजून चाचपत होती. तिला कागदावर घेऊन मागच्या गवतात सोडलं आणि केप्याकडे निघालो.